मागून येऊन राहिली

सौंसर, ९ फेब्रुवारी २०२५

कुणाल,

जयभीम. तुझ्या फोनने मला सात वर्षांपूर्वी बाहेर काढलं, म्हणून पोस्टाकडे आले आहे. पोस्टमन अजून कोणाला ब्लॉक करत नाही. पत्ता इटारसीच्या रेल्वे क्वार्टरचा टाकला आहे. तू तिथून हलला असशील तर ज्या सज्जनांच्या हाती हे पत्र पडेल त्यांनी इथेच थांबावं. पुढचा मजकूर घरगुती आहे.

आपण बोलत नव्हतो तेवढ्यात आपला जिल्हा बदलला. मी आता छिंदवाड्याची राहिले नाही, पांढुर्ण्याची झाले, आणि त्यासाठी मला खुर्चीवरून उठावंही लागलं नाही. बहीणभावांचंही असं सरकारी आदेशाने होत असतं तर बरं झालं असतं.

एक कबुली द्यायची आहे. बाबांचा तंबू उंदरांनी खाल्ला नव्हता.

बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी तू घरातली एकच वस्तू मागितलीस. खोली नको, सायकल नको, तो खाकी तंबू दे म्हणालास. मी म्हटलं, उंदरांनी खाल्ला, फेकून दिला. तू माझ्याकडे पाहिलंस, पिशवी उचललीस आणि निघून गेलास. तर उंदीर निर्दोष आहेत. तंबू माझ्या दिवाणात होता. सात वर्षं मी रोज त्याच्यावर झोपले आणि दर पावसाळ्याआधी त्यातला कडुलिंबाचा पाला बदलला. चोर इतकी काळजी घेत नाहीत, एवढं माझ्या बाजूने नोंदवून ठेव.

गेल्या आठवड्यात घराला चुना मारायचा म्हणून दिवाण सरकवला. तंबूची घडी उलगडली तर आतून धुराचा वास आला. तुला आठवत असेल, पांढुर्ण्याच्या जिनिंगमधून आणलेलं ते जाड कापड, शिंप्याने मारलेली दुहेरी शिवण, आणि बाबांनी स्वतः पिपात बुडवून दिलेला खाकी रंग, जो एका बाजूला जास्त आणि एका बाजूला कमी बसला. बाबा गेल्याला सात वर्षं होत आली, आणि त्यांच्या चुलीचा धूर माझ्या गादीखाली शाबूत. मी त्या कापडात तोंड खुपसून बसले होते तेव्हा चुनेवाला येऊन परत गेला.

म्हणून ठरवलं की एकदा त्यात झोपायचं, आणि तेही भिलवाझिरीला, पेंचच्या जंगलातल्या त्या तळावर. बाबा तिथे जंगलखात्याचे नाकेदार असताना त्यांनी तंबूंसाठी मातीचे चार ओटे घातले आणि दर वर्षी तुला तिथे नेलं. तुझ्या माहितीची जागा मी तुलाच सांगते आहे. पण मला ती ऐकूनच माहीत, आणि ऐकीव गोष्टी माणूस जास्त सांगतो.

काल गच्चीवर उभारणीचा सराव केला. संस्कृत कोशात तंबूला पटकुटी म्हटलं आहे. शब्द फार ऐटदार, पण खुंट्या कुठे ठोकाव्या ते कोशकार सांगत नाहीत. शेजारचे गुणवंताभाऊ त्यांच्या गच्चीवरून बराच वेळ पाहत होते. मग न राहवून विचारलं, "बाई, कायचं वाळवण घालून राहिल्या?" मी म्हटलं, जंगलात राहायला जाते आहे. त्यांनी काळजीने सुचवलं की मुक्कामच करायचा तर जामसांवलीला मारुतीच्या देवळात करा, तिथे पंखा असते. मी म्हटलं, मला पंखा नसलेली जागा पाहिजे. ते आत गेले, बायकोला घेऊन आले, आणि दोघं मिळून पाहत उभे राहिले.

बावन्न वर्षांची बाई, जिने अर्धं आयुष्य पोरांकडून अरण्यवर्णनं पाठ करून घेतली आणि स्वतः शाळेच्या कंपाउंडमधल्या निंबापलीकडचं झाड नीट पाहिलं नाही, ती २२ तारखेला निघते आहे. परवानगी मागत नाही, कळवते आहे.

तुझी ताई
वैशाली


भिलवाझिरी, २२ फेब्रुवारी, दुपार

कुणाल,

पोचले. सौंसरहून बस, मग जीप, मग जीपवाल्याने "बस, इथूनच" म्हणून उतरवलं तिथून फाटकापर्यंत पायी. पाठीवर तंबू होता. बाबा हे ओझं घेऊन वर तुला खांद्यावर बसवायचे, असं तू सांगायचास. आज तुझ्या वजनाचा अंदाज आला.

फाटकाशी शालिकराम नावाचे चौकीदार आहेत. मूळचे मोहगावकडचे, पांढऱ्या मिशीचे, बोलण्याआधी दोनदा विचार करणारे. त्यांनी एक लांब रजिस्टर पुढे केलं. दिनांक, नाव, गाव, व्यक्ती, ओटा. मी व्यक्तीच्या रकान्यात एक लिहिलं तर म्हणाले, "एकट्या माणसाले तंबू नाही भेटत, बाई. दोघं पाहिजे." कारणही सांगितलं. एकाला काही झालं तर सांगायला दुसरा लागतो. नियम शहाणा आहे, त्याच्याशी भांडता येईना.

परत फिरायचं तर जीप गेलेली. म्हणून मी एकाचे दोन केले आणि खालच्या ओळीत जे नाव हाताला आलं ते लिहिलं. ते तुझं होतं. वाईट वाटून घेऊ नकोस, गरज नियमाची होती.

शालिकराम म्हणाले, "कुठं आहे ते?"

मी म्हटलं, "मागून येऊन राहिला."

त्यांनी रजिस्टरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग गळ्यातला गमछा तोंडावर धरून बराच वेळ खोकले. मी पाणी विचारलं. नको म्हणाले.

ओटा क्रमांक तीन मागून घेतला. बाबा नेहमी तिसऱ्याचंच सांगायचे, की तिथून नाल्याचं वळण दिसतं. दिसतं. पाणी आटत आलं आहे, मधोमध एक डोह राहिला आहे आणि त्यात एक सावरीचं झाड उलटं उभं आहे, पानं नसलेलं, नुसतं लाल. थोड्या थोड्या वेळाने एक फूल पाण्यावर पडतं. आवाज टपकन येतो. मी दर वेळी मान वर करते. अशी मान वर करण्यात अर्धी दुपार गेली आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

तंबू उभा आहे. दीड तास लागला. डावीकडे कलला आहे. शालिकराम मदतीला आले, पण त्यांनी हात लावला तो फक्त शिवणीला. बोटं फिरवून म्हणाले, "कापड चांगलं आहे. जुनं आहे." आणि गेले. जाताना सूचना दिल्या. तंबूत खायचं ठेवायचं नाही. हातपंपावर उजेड असेतो जाऊन यायचं. आणि बूट झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही, विंचू बसते. शेवटची सूचना त्यांनी दोनदा दिली. मी तेव्हापासून तीनदा बूट झटकले. अजून कोणी निघालं नाही.

सोयींबद्दल सांगते, कारण मला इथे आणायला बाबांचा मुख्य आक्षेप तोच होता. आता इथे टिनाची संडास आहे. तिला अर्धं दार आहे. म्हणजे आक्षेप अर्धा दूर झाला.

उन्हं कापडातून आत येतात तेव्हा सगळं फिकट संत्र्याच्या रंगाचं होतं, माझा हात, हा कागद. आडवं झालं की बाहेरचा आवाज जवळ येतो आणि आपण दूर जातो. मघाशी डोळा लागला होता. मला वाटलं मी आपल्या जुन्या सरकारी क्वार्टरमध्ये आहे, आईने लुगडं वाळत घातलं आहे आणि मी त्याच्या आतल्या बाजूला उभी आहे. जागी झाले तेव्हा एक चितळ दहा हातांवर उभं होतं. ते मला पाहून पळालं नाही, नुसतं कंटाळलं.

बाबांना इथेच यायचं होतं. डॉक्टर नाही म्हणाले, हे मी तुला तेव्हाच सांगितलं आहे. पुन्हा सांगत नाही.

संध्याकाळी शालिकराम रोडगे भाजणार आहेत. मी एकटीच आहे हे दिसत असून त्यांनी कणीक दोघांची भिजवली. म्हटलं, एवढं काऊन? म्हणाले, "मागून येऊन राहिले नं ते?"

वैशाली


भिलवाझिरी, २३ फेब्रुवारी, सकाळ

कुणाल,

पहाटे बाबांची काठी ऐकली.

गस्तीला निघताना ते वाटेतल्या झाडांवर काठी टेकवत जायचे, ठक, ठक, थोडं थांबून पुन्हा ठक. मी तंबूत डोळे मिटून पडले होते आणि आवाज ओट्याभोवती फिरत होता. मला अजिबात नवल वाटलं नाही. वाटलं, चहा ठेवायला पाहिजे. मग वाटलं, चूल कुठे आहे? त्या शोधात जाग आली. बाहेर धुकं नाल्यातून वर चढत होतं, चारही ओटे पाण्यावर तरंगत असल्यासारखे, आणि समोरच्या धावड्याच्या वाळक्या झाडावर एक सुतारपक्षी ठोकत बसला होता. मी त्याच्याकडे बराच वेळ रागाने पाहिलं. त्याचं काम चालू राहिलं.

धुकं पायथ्याशी होतं तोवर मी अनवाणीच बसून राहिले. सावरीची फुलं रात्रभर पडली असावीत, डोह अर्धा झाकला होता. मी इतकी वर्षं वर्गात जे शिकवलं ते खोटं नव्हतं, हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं. मात्र थंडीचा उल्लेख त्या कवींनी कमी केला आहे.

आता मुद्द्याची गोष्ट.

ऊन आल्यावर शालिकराम चहा घेऊन आले आणि काखेत जुनं रजिस्टर. रात्रीपर्यंत मी 'बाई' होते. सकाळी म्हणाले, "ताई, हे वाचा." आणि स्वतः उकिडवे बसले.

२०१९ चं पान. तुझं अक्षर. कुणाल, इटारसी, व्यक्ती दोन, ओटा तीन. खाली दुसरं नाव बाबांचं: मोतीराम.

२०२०, तेच. २०२१ ला कोणीच आलेलं नाही. २०२२, पुन्हा मोतीराम.

मी शालिकरामांना म्हटलं, बाबा तर तेव्हा नव्हते. म्हणाले, "माहीत होतं नं. साहेबाच्या मातीले आलो होतो मी. मोतीराम साहेबासंगं ह्या ओट्याची माती कालवली म्या. पण कुणालभाऊनं नाव लिहिलं, तं मी काय म्हणू? दोघं पाहिजे, दोघं झाले."

मग त्यांनी पान उलटलं. २०२३. कुणाल. खाली: वैशाली. २०२४, वैशाली. आणि या जानेवारीत, महिन्याभरापूर्वी, त्याच काळ्या पेनाने, वैशाली.

"म्या इचारलं, हे कोण? म्हणे, ताई आहे. म्हटलं, कुठं आहे? म्हणे, मागून येऊन राहिली." शालिकरामांनी चहाचा घोट घेतला. "तीन साल झाले, तुमच्या वाटचे रोडगे मीच खाऊन राहिलो."

कालचा खोकला मला तेव्हा समजला. तुझं ते वाक्य आणि माझं वाक्य, 'ला'ची 'ली' सोडली तर एक अक्षर इकडचं तिकडे नाही. एका आईचं दूध प्यायलेले दोन लबाड, एकाच फाटकावर, एकाच नियमाला एकाच तऱ्हेने फसवून गेले.

बाबांचं नाव का लिहिलंस ते कळतं. रजिस्टरात तरी ते तुझ्याबरोबर आले. पण चाललं होतं तसंच चालू द्यायचं. शालिकराम काही म्हणत नव्हते. २०२३ ला नाव का बदललंस?

तुला विचारायचं म्हणून विचारत नाही. मीच उत्तरं तयार करून पाहिली. पहिलं उत्तर, की मेलेल्या माणसाचं नाव लिहिणं तुला बरं वाटेनासं झालं. दुसरं, की पेन जे लिहितं ते लिहिलं. तिसरं मी स्वतःला लिहू देत नाही.

रजिस्टर मी उलटं धरून परत दिलं. शालिकरामांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. उठताना तंबूच्या दोराला हात लावून म्हणाले, "कुणालभाऊचा निळा प्लास्टिकचा तंबू मले नाही आवडत. ह्याची गोष्ट निराळी."

नऊ वाजता जीप आहे. तंबू उतरवते. कापडावर दव आहे, वाळल्याशिवाय घडी घालता येत नाही, असं बाबा म्हणायचे. म्हणजे तू सांगायचास की बाबा म्हणायचे.

वैशाली


सौंसर, २ मार्च

कुणाल,

आता उंदरांहून मोठी गोष्ट.

एप्रिल २०१८. नागपूरचं हॉस्पिटल. बाबा तुला म्हणाले, "एकदा तिसऱ्या ओट्यावर नेऊन टाक मले." तू जीप ठरवायला निघालास. मी म्हटलं, थांब, डॉक्टरांना विचारते. बाहेर पॅसेजमध्ये डॉक्टर भेटले. परत येऊन मी सांगितलं, नाही म्हणतात. तू दोनदा विचारलंस, नक्की? मी दोनदा मान हलवली. बाबा भिंतीकडे वळले आणि "बरं" म्हणाले. अकराव्या दिवशी गेले.

घाटावरून परतताना तू म्हणालास, "तू बाबाले वाचवलं नाही, ताई. नुसतं अडवलं." सात वर्षं मी त्या वाक्याला उत्तरं दिली. स्वैपाक करताना, वर्गात, शिंप्याकडे. माझी उत्तरं फार चांगली होती.

डॉक्टर नाही म्हणाले नव्हते. डॉक्टर म्हणाले होते, घेऊन जा, जिथे म्हणतात तिथे, आता पथ्य कशाचं.

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. लिहून झाल्यावर उठून पाणी प्यायले आणि पुन्हा बसले. पुढचं आता सोपं नाही, पण सरळ आहे.

१९८६ साली तू नऊ वर्षांचा होतास आणि मी तेराची. बाबा तुला पहिल्यांदा भिलवाझिरीला नेणार होते. मीही माझी पिशवी भरली होती. एक फ्रॉक, वही, आणि कागदात बांधलेली जवसाची चटणी. दारात उभी राहिले. बाबांनी पिशवी पाहिली. रागावले नाहीत, हसून म्हणाले, "पोरीचं काय काम तिथं? आडोसा नाही काही." जीप गेली. चटणी मी तीन दिवस एकटीने खाल्ली. पुढे दर वर्षी जीप जायची तेव्हा मी दारात नसायचे. घरात पुस्तक घेऊन बसायचे. संस्कृत मी का घेतलं ते लोक विचारतात. बाबा म्हणायचे, ज्या भाषेनं आपल्याले दाराबाहेर ठेवलं तिचं कुलूप माह्या पोरीनं उघडलं. ते गावभर सांगायचे. खरं एवढंच की घरात बसून करण्यासारखं तेच होतं.

मी त्यांना दोष देत नाही. दुसऱ्या सगळ्या दारांतून त्यांनी मला हाताला धरून नेलं. हे एकच राहिलं.

त्या एप्रिलमध्ये माझी उत्तरपत्रिका तपासायची ड्युटी लागली होती. तुम्ही दोघं गेला असतात आणि मी पुन्हा दारात राहिले असते, या वेळी कायमची. पॅसेजमधून वॉर्डापर्यंत तीस-चाळीस पावलं असतील. तेवढ्यात हे सगळं मनात आलं आणि तोंडातून 'नाही' बाहेर पडलं. बाबांची तब्येत माझ्या मनात नव्हती. मी त्यांचा जीव जपते आहे असं तुला वाटलं, म्हणून तू भांडला नाहीस. ते तू मला दिलेलं शेवटचं मोठेपण होतं, आणि मी ते खोट्यावर घेतलं.

माफी मागत नाही. तो शब्द वर्गात इतका वापरला आहे की तो झिजला आहे.

२९ मार्चला मी पुन्हा ओटा तीन घेतला आहे. उत्तरपत्रिका या वेळी दुसरे कोणी तपासोत. रजिस्टरात पहिल्या ओळीत माझं नाव असेल. दुसरी ओळ मी रिकामी सोडणार आहे, आणि त्यामुळे शालिकराम मला फाटकावरूनच परत पाठवू शकतात. नियम त्यांच्या बाजूने आहे. तू नाही आलास तर तेच होईल आणि मी त्यांना दोष देणार नाही, तुलाही नाही.

वैशाली


भिलवाझिरी, ओटा क्रमांक तीन, २९ मार्च, दुपारचे तीन

कुणाल,

तू माझ्यापासून चार हातांवर झोपला आहेस. तरी लिहिते आहे. सकाळी तुला जे उत्तर द्यायला हवं होतं ते माझ्या तोंडून निघालं नाही. शब्दांवर पोट भरणारी बाई, आणि बोलायची वेळ आली तेव्हा मी तुझ्या कपात आणखी चहा ओतला, भरलेल्या कपात.

शालिकरामांनी मला परत पाठवलं नाही, हे तुला कळलं नसेल. मी आठ वाजता आले. रिकामी ओळ पाहून ते म्हणाले, "नियम आहे, ताई." मग रजिस्टर उघडंच ठेवलं, वर दगड ठेवला, आणि म्हणाले, मले आता दिसत नाही बरोबर, चष्मा घरी राहिला. त्यांना चष्मा नाही.

मी हातपंपावर होते तेव्हा तुझी जीप आली. तू मला पाहिलं नाहीस. तू तंबू पाहिलास. त्याच्याभोवती एक फेरी मारलीस, वाकलास, आणि कापडाला तोंड लावून उभा राहिलास. मी हंडा भरूनही पंप हापसत राहिले, पाणी पायांवर वाहून गेलं. मोहाची फुलं गळायला लागली आहेत, सगळ्या तळावर तो गोड, जडसर वास होता, आणि त्यातून तू मागे वळलास. सात वर्षांनी तू मला जे पहिलं वाक्य बोललास ते असं: "खुंट्या उलट्या ठोकल्या, ताई." मग सगळ्या उपटून नव्याने ठोकल्यास. तंबू आता सरळ आहे. मला तो कललेला आवडत होता, पण ते राहू दे.

नाव का बदललंस ते मी तोंडाने विचारलं नव्हतं. तू आपणहून सांगितलंस, रजिस्टरात सही करताना, मान वर न करता. "बाबाचं लिहून लिहून बाबा येत नव्हते. तुह्यं लिहिलं तं येण्याची शक्यता तरी होती." शालिकराम पुन्हा खोकले. त्यांचं एकच दुःख आहे, की आज त्यांना माझ्या वाटचे रोडगे मिळणार नाहीत.

आणि मग चहा घेताना तू जे बोललास. मी ते इथे लिहून ठेवते, म्हणजे उद्या मी ते स्वप्नात ऐकलं असं मला वाटू नये. या जागेचा भरवसा नाही.

तू म्हणालास, "मले माहीत होतं. त्याच संध्याकाळी डॉक्टरनं मलेही तेच सांगतलं होतं, घेऊन जा म्हणून."

मी म्हटलं, मग नेलं काऊन नाही?

तू कप ओट्यावर ठेवलास. एक लंगूर उठून दुसऱ्या फांदीवर गेला. मग म्हणालास, "भेव लागलं. रस्त्यात माह्या हातावर काही झालं तं? तू नाही म्हटलं होतं, मले सुटल्यासारखं झालं. आन त्याच्याचसाठी सात साल तुह्यावर राग धरून राहिलो."

त्यावर मी चहा ओतला.

तर उत्तर असं. मी गप्प बसले ती रागाने नाही. मी पॅसेजमधल्या त्या पावलांचं सगळं वजन एकटीचं समजून वागवत होते, आणि तू दुसरं टोक धरून उभा आहेस हे मला माहीत नव्हतं. ओझं तेवढंच आहे. बाबांना आपण दोघांनी अडवलं. त्यांनी "बरं" म्हटलं तेव्हा ते दोघांनाही म्हटलं. पण दोन माणसं पाहिजेत हा नियम मला आता नीट समजला.

तू घोरतो आहेस. बाबांसारखाच, आधी दोन लहान आणि मग एक लांब. कापडातून तोच संत्र्याचा उजेड येतो आहे, तुझ्या कपाळावर शिवणीची सावली पडली आहे, आणि तू मधूनच नऊ वर्षांचा दिसतोस. बाहेर मोहाची फुलं तंबूवर पडतात, इतक्या हळू की आवाज आला की आपल्याला वाटला हे ठरवता येत नाही. मी दिवसभर एक पानही वाचलेलं नाही. जवसाची चटणी आणली आहे. ती शालिकरामांच्या झोपडीत टांगली आहे, कारण तंबूत खायचं ठेवायचं नाही.

उद्या जाताना तंबू तू घेऊन जा. दव वाळल्यावर घडी घाल. कडुलिंबाचा पाला पावसाळ्याआधी बदलायचा, जुना झटकून, नवा सावलीत सुकवून. आणि तो निळा प्लास्टिकचा शालिकरामांच्या डोळ्यांसमोर पुन्हा आणू नकोस.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. घडी घालून तुझ्या डाव्या बुटात ठेवते. मघाशी तू बूट काढून नीट उलटे ठेवलेस ते पाहिलं, म्हणजे इथले नियम तू पाळतोस. उठून झटकशील तेव्हा पडेल. दचकू नकोस. विंचू नाही, मी आहे.

ताई